कोनाचं हाय थे?

गेल्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट. मी सोनाळ्याला घरी होतो. बुलढाणा जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. ऑफिसने तीन आठवडे घरून काम करायला परवानगी दिली होती. मी ओसरीत लॅपटॉप घेऊन बसलो होतो आणि शेजारी बाबा कपाशीच्या बियाण्याच्या थैल्या उघडत होते.

बाबा थैली नेहमी खालून कापतात. वरची शिवण, लेबल, लॉट नंबर तसंच ठेवतात. रिकामी थैली, दुकानाची पावती आणि मूठभर बी एका पत्र्याच्या डब्यात जातं आणि कापूस घरी येईपर्यंत तिथेच राहतं. बी उगवलं नाही, तर तक्रार कशाच्या जोरावर करायची? कृषी खात्याचे लोकही दर हंगामात हेच सांगतात.

त्या आठवड्यात नोकरीच्या एका साइटवर मला मेसेज आला होता. परदेशी कंपनी, पूर्ण रिमोट काम, पगार माझ्या पगाराच्या दुप्पट. दोन दिवस छान गप्पा झाल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या माणसाने एका प्रोजेक्टची लिंक पाठवली. हा चालवून बघा, एक छोटी चूक दुरुस्त करा, अर्ध्या तासात व्हिडिओ कॉलवर बोलू. मी प्रोजेक्ट उतरवला, 'एनपीएम इन्स्टॉल' टाइप केलं आणि एंटर दाबलं.

बाबा सहज स्क्रीनकडे बघत होते. भराभर नावं सरकत होती. त्यांनी विचारलं, "काय उतरून राह्यलं हे एवढं?"

म्हटलं, "पॅकेज आहेत बाबा. लोकांनी लिहिलेला कोड. फुकट असतो."

"कोनाचं हाय थे? वळखीचं हाय का कोनी?"

मी हसलो. व्हिडिओ कॉल आलाच नाही. तासाभराने त्या माणसाचं प्रोफाइलही दिसेनासं झालं. मग मात्र पोटात गोळा आला. प्रोजेक्टची फाइल उघडून एकेक ओळ बघत गेलो. एका ओळीच्या शेवटी अर्धविराम होता आणि त्यापुढे शेकडो मोकळ्या जागा. स्क्रीन उजवीकडे सरकवत नेली, तर तिथे तीच ओळ पुढे चालू होती. वाचता येणार नाही असा गिचमिड कोड होता आणि तो इंटरनेटवरून आणखी काहीतरी आणून चालवत होता.

माझ्या लॅपटॉपवर ऑफिसच्या सर्व्हरची किल्ली होती. रात्री दीड वाजता मॅनेजरला फोन करून सांगितलं की मी काय केलंय. पासवर्ड बाबांच्या फोनवरून बदलले. सकाळपर्यंत माझी सगळी अकाउंट्स बंद झाली होती. आठवडाभर तपासणी चालली. काही गेल्याचं सापडलं नाही. त्या आठवड्यात मी दुसरं काही करू शकत नव्हतो, म्हणून वाचत बसलो. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर शोधत होतो. हा लेख त्या वाचनातून आला आहे.

स्वच्छ कोड, मळलेलं यंत्र

गोष्ट १९८४ पासून सुरू करू. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची या युनिक्सच्या दोन निर्मात्यांना संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार मिळाला होता. त्या वर्षी छापून आलेल्या आपल्या भाषणात थॉम्पसनने एक अस्वस्थ करणारी युक्ती सांगितली. आपण लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत बदलणारा जो प्रोग्रॅम असतो, त्याला कंपायलर म्हणतात. थॉम्पसन म्हणाला, समजा मी कंपायलरमध्येच खोड केली. लॉगिनचा प्रोग्रॅम समोर आला की त्यात गुपचूप चोरदार घालायचं. आणि कंपायलरचा स्वतःचा कोड समोर आला की त्यात हीच खोड पुन्हा घालायची. आता मूळ कोडमधून ती ओळ पुसून टाकली तरी चालेल. कोड कितीही वाचा, स्वच्छच दिसेल. चोर यंत्रात बसलेला असेल.

त्याचं म्हणणं साधं होतं. जो कोड सर्वस्वी तुम्ही स्वतः लिहिलेला नाही, त्यावर शेवटी विश्वासच ठेवावा लागतो, आणि तो विश्वास कोडपेक्षा कोड लिहिणाऱ्या माणसांवर असतो.

नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्सच्या बाबतीत असा प्रयत्न खरंच झाला. लिनक्सच्या कोडची एक दुय्यम प्रत एका सर्व्हरवर ठेवलेली असे. कुणीतरी त्या प्रतीत दोन ओळी घुसवल्या. वरवर पाहता तिथे 'हा वापरकर्ता प्रमुख आहे का' अशी तपासणी दिसत होती. पण तुलना करण्यासाठी बरोबरची दोन चिन्हं लागतात आणि तिथे एकच होतं. एका चिन्हाने अर्थ फिरला: 'हा वापरकर्ता प्रमुख आहे का' याऐवजी 'या वापरकर्त्याला प्रमुख कर'. ही चलाखी पकडली गेली, कारण मूळ प्रत आणि दुय्यम प्रत जुळत नव्हती. बाबांच्या भाषेत सांगायचं तर लेबल जपून ठेवलेलं होतं.

फुकटच्या थैल्या

त्या काळी लिनक्सचे प्रमुख लोक एकमेकांना नावाने ओळखत होते. पुढे ते चित्र बदललं. २०१० मध्ये जावास्क्रिप्टसाठी एनपीएम आलं. पायथॉन आणि इतर भाषांचीही अशी कोठारं होती. कुणीही यावं, आपला कोड पॅकेज करून ठेवावा. कुणीही यावं, एका आज्ञेत तो उचलून न्यावा. माझ्यासारख्या गावाकडच्या मुलाला या व्यवस्थेने नोकरी दिली, हे मी विसरत नाही. कॉलेजात पुस्तकं विकत घेणं जड जायचं, पण जगातल्या उत्तम प्रोग्रॅमरांचा कोड फुकट वाचता यायचा.

पण एक पॅकेज दुसऱ्यावर टेकतं, दुसरं तिसऱ्यावर. त्या संध्याकाळी मी उतरवलेल्या प्रोजेक्टच्या यादीत ३१ नावं होती. लॅपटॉपवर प्रत्यक्षात साडेसहाशेहून जास्त पॅकेजेस उतरली. शिवाय पॅकेज उतरतानाच त्यातला छोटा प्रोग्रॅम आपोआप चालू शकतो. म्हणजे थैली उघडायच्या आधीच बी पेरलं गेलेलं असतं.

हे सगळं किती नाजूक आहे, ते मार्च २०१६ मध्ये दिसलं. 'लेफ्ट-पॅड' नावाचं अकरा ओळींचं पॅकेज होतं. मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा भरणं, एवढंच त्याचं काम. लेखकाचं एका पॅकेजच्या नावावरून भांडण झालं आणि रागाने त्याने आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली. जगभरातले असंख्य प्रोजेक्ट त्या दिवशी अडले. यात दुष्टपणा नव्हता. पण कुठे काय टेकलंय, ते सगळ्यांना दिसलं. चोरांनाही.

त्याच वर्षी जर्मनीतल्या निकोलाय शाखर या विद्यार्थ्याने पदवीच्या प्रबंधासाठी एक प्रयोग केला. प्रसिद्ध पॅकेजेसच्या नावात एखाद-दुसरं अक्षर चुकवून त्याने दोनशेहून अधिक पॅकेजेस कोठारांत ठेवली. त्यांतला कोड कुणाचं नुकसान न करता फक्त त्याला कळवायचा की मी इथे चाललो. काही महिन्यांत १७ हजारांहून जास्त यंत्रांवर तो चालला होता. लोकांनी घाईत नाव चुकीचं टाइप केलं होतं, बस.

पुढच्याच वर्षी हे खरं झालं. 'क्रॉस-एन्व्ह' नावाचं लोकप्रिय पॅकेज आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये मधली आडवी रेघ नसलेलं 'क्रॉसएन्व्ह' एनपीएमवर सापडलं. काम तेच करायचं आणि जाता जाता यंत्रावरच्या किल्ल्या आणि पासवर्ड बाहेर पाठवायचं. नावाजलेल्या बियाण्याच्या थैलीसारखीच थैली, नावात एका मात्रेचा फरक. आमच्याकडे हा प्रकार कुणाला समजावून सांगावा लागणार नाही.

२०१८: एक ईमेल आणि एक बँक

चुकीचं नाव नीट वाचलं तर पकडता येतं. नाव बरोबर असेल आणि मालकच बदललेला असेल तर?

न्यूझीलंडच्या डॉमिनिक टारने तरुणपणी 'इव्हेंट-स्ट्रीम' नावाचं पॅकेज लिहिलं होतं. २०१८ मध्ये ते आठवड्याला सुमारे वीस लाख वेळा उतरवलं जायचं. टार स्वतः ते आता वापरतही नव्हता आणि त्यातून त्याला काही मिळतही नव्हतं. एका अनोळखी माणसाने ईमेल केला, की मी सांभाळू का? टारने देऊन टाकलं. नव्या मालकाने आधी काही साधी, उपयोगी कामं केली. मग त्यात एक नवं छोटं पॅकेज जोडलं. त्यातला विषारी भाग कुलूपबंद होता आणि ते कुलूप फक्त 'कोपे' नावाच्या बिटकॉइन पाकिटाच्या ॲपमध्येच उघडायचं. बाकी लाखो लोकांच्या यंत्रांवर तो भाग झोपून राहिला. नोव्हेंबरमध्ये तो सापडला, तोही एका किरकोळ इशाऱ्याचा माग काढताना.

लोक टारवर तुटून पडले. पण फुकट दिलेल्या वस्तूची आयुष्यभर राखण करण्याचं वचन त्याने कुणालाच दिलेलं नव्हतं.

त्याच वर्षी पुण्यातही एक घटना घडली. ती पॅकेजची गोष्ट नव्हे, पण तिचा धागा माझ्या ओसरीपर्यंत येतो. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ ला पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली. १९०६ सालची बँक. चोरांनी मालवेअरच्या मदतीने एटीएमच्या व्यवहारांना होकार देणारी खोटी यंत्रणा उभी केली. बँकेला विचारल्याशिवायच 'पैसे द्या' असं उत्तर जात राहिलं. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, काही भारतातल्या एटीएममधूनही. सुमारे चौदा कोटी स्विफ्टमार्फत हाँगकाँगला गेले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातल्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवलं. ती एटीएममधून पैसे काढणारी खालची फळी. वरची फळी? संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी लावला.

बँकांवरून हे लोक पुढे क्रिप्टोकडे वळले आणि तिथून प्रोग्रॅमरांकडे. २०२३ च्या शेवटी सुरक्षा संशोधकांनी एक मोहीम उघड केली. खोटे भरती अधिकारी, खोट्या मुलाखती, 'हा प्रोजेक्ट चालवून बघा' आणि त्यात दडवलेली एनपीएम पॅकेजेस. संशोधकांनी तिचा संबंधही उत्तर कोरियाशी जोडला. माझ्याशी दोन दिवस गोड बोलणारा कोण होता, हे मला सांगता येणार नाही. पद्धत मात्र शब्दशः तीच होती. नोकरी शोधणारा माणूस घाईत असतो आणि थोडा लाचारही असतो, हे त्यांना माहीत आहे.

अर्धा सेकंद

सगळ्यात थंड डोक्याने केलेला डाव मात्र 'एक्सझेड'चा. फाइल दाबून लहान करणारं हे जुनं साधन बहुतेक लिनक्समध्ये असतं. ते वर्षानुवर्षं फिनलंडचा लासे कॉलिन जवळपास एकटा, बिनपगारी सांभाळत होता. २०२१ च्या अखेरीस 'जिया तान' नावाने कुणीतरी मदत पाठवू लागलं. काम चांगलं होतं. २०२२ मध्ये इतर काही नावं कुरकुर करू लागली: काम फार हळू चाललंय, दुसरा माणूस नेमा. त्यातलं एक नाव होतं 'जिगर कुमार'. ते वाचताना मला कसंसंच झालं. जगभरच्या सॉफ्टवेअरमध्ये इतके भारतीय आहेत, की त्या नावावर कुणाची नजर अडलीच नाही. कॉलिनने लिहिलं, की आपली मानसिक प्रकृती बरी नाही आणि हे काम बिनपगारी आहे. दबाव चालूच राहिला. हळूहळू जिया तानच्या हातात किल्ल्या आल्या.

दोन वर्षं वाट पाहून फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मधल्या दोन आवृत्त्यांमध्ये चोरदार घातलं गेलं. विष ठेवलं होतं चाचणीसाठीच्या फाइलींमध्ये, ज्या कुणी वाचत नाही. आणि ते जागं करणारी ओळ सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हतीच. ती फक्त वाटपासाठी बांधलेल्या गाठोड्यात होती. ते सगळीकडे पोचलं असतं, तर ज्याच्याकडे गुप्त किल्ली आहे त्याला जगातल्या असंख्य सर्व्हरमध्ये शिरता आलं असतं.

ते पकडलं आंद्रेस फ्रॉइंडने. तो मायक्रोसॉफ्टमध्ये काम करतो आणि पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा माणूस आहे. वेगळीच चाचणी करताना त्याच्या लक्षात आलं, की सर्व्हरवर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. दुसरा कुणी असता तर नेट स्लो आहे म्हणून सोडून दिलं असतं. तो खणत गेला आणि २९ मार्च २०२४ ला त्याने सगळ्यांना कळवलं. तोवर त्या आवृत्त्या फेडोरा, डेबियन वगैरेंच्या चाचणी आवृत्त्यांतच पोचल्या होत्या. जिया तान कोण, हे आजही उघड झालेलं नाही.

ओपन सोर्सबद्दल आम्हाला कॉलेजात एक वाक्य घोकायला लावलं होतं: डोळे भरपूर असले की चूक लपत नाही. ते खोटं नाही. पण कोड सगळ्यांना दिसतो म्हणजे तो कुणी पाहिलेला असतो, असं नाही. चौकात ठेवलेल्या रांजणातलं पाणी सगळेच पितात. रांजण कोण घासतं, ते बहुतेकांना माहीत नसतं.

१९८४ ते २०२४ ही ओळ लावून पाहिली की चोर कुठून कुठे सरकले ते दिसतं. आधी त्यांनी यंत्र धरलं, मग एक चिन्ह, मग नावातलं एक अक्षर. शेवटी त्यांनी माणूस धरला: थकलेला, एकटा, कुणीतरी 'मदत करू का' म्हणावं याची वाट बघणारा. २०२५ मध्येही हेच चाललं. फेब्रुवारीत बायबिट या क्रिप्टो बाजारातून सुमारे दीड अब्ज डॉलर गेले. अमेरिकेच्या एफबीआयने उत्तर कोरियाचं नाव घेतलं. तपासात वाट निघाली ती एका डेव्हलपरच्या लॅपटॉपपासून. त्याने एक संशयास्पद प्रोजेक्ट चालवला होता. ८ सप्टेंबरला एका अनुभवी डेव्हलपरला एनपीएमच्या नावाने खोटा ईमेल आला आणि तो फसला. 'चॉक', 'डीबग' अशी अठरा पॅकेजेस विषारी झाली. सगळी मिळून ती आठवड्याला दोन अब्जांहून जास्त वेळा उतरवली जातात. सुमारे दोन तासांत ते पकडलं गेलं. पाठोपाठ 'शाय-हुलुद' नावाचा किडा आला. एका डेव्हलपरच्या किल्ल्या चोरायच्या आणि त्याच किल्ल्यांनी त्याच्या बाकी पॅकेजेसमध्ये शिरायचं, असं करत तो पाचशेहून जास्त पॅकेजेसमध्ये पसरला. बोंडअळी एका बोंडातून दुसऱ्यात जाते, तसा.

डबा

उपाय आहेत, आणि ते बाबांच्या डब्यापेक्षा फार वेगळे नाहीत. कोणत्या पॅकेजची नेमकी कुठली आवृत्ती घेतली, तिचा ठसा काय, हे लॉकफाइलमध्ये जपता येतं. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये कुठले कुठले घटक आहेत त्याची यादी ठेवा, अशा मार्गदर्शक सूचना सर्ट-इन या आपल्या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये काढल्या. पॅकेज उतरताना आपोआप चालणारे प्रोग्रॅम मी बंद केलेत. नवी आवृत्ती आली की काही दिवस थांबतो. बहुतेक विष तेवढ्यात उघडं पडतं. अनोळखी प्रोजेक्ट लॅपटॉपवर चालवतच नाही, मग समोरचा कितीही पगार देवो.

पण लेबल तपासून रांजण घासला जात नाही. झिरोधाने २०२४ मध्ये ओपन सोर्स प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला, ही चांगली सुरुवात आहे. फुकटच्या कोडवर कोट्यवधी कमावणाऱ्या बाकी कंपन्यांनी काय केलं, हा प्रश्न आपण आपापल्या ऑफिसात विचारू शकतो. मी विचारला. उत्तर अजून यायचंय.

तोवर एक छोटी गोष्ट करायची ठरवली. आमच्या कामात रोज लागणारं एक पॅकेज एकच माणूस सांभाळतो. त्याला लिहायला बसलो: तुमचं काम आम्ही रोज वापरतो, काही मदत करू का? पाठवायच्या आधी पुन्हा वाचलं आणि थबकलो. हेच वाक्य टारला आलं होतं. जिया तानचीही सुरुवात मदतीनेच झाली होती. माझ्या चांगुलपणाला वेगळं लेबल कुठून आणू?

मग पत्रात माझं खरं नाव, गाव, कुठे काम करतो हे सगळं लिहिलं. किल्ल्या नकोत, म्हटलं. जुन्या तक्रारी वाचून त्यांची वर्गवारी करून देतो, एवढंच. नऊ दिवसांनी उत्तर आलं. आभार वगैरे नव्हते. तुम्हाला ओळखणारं, मी ज्याला विचारू शकेन असं कुणी आहे का, असं त्याने विचारलं होतं.

बाबांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "बराबर इचारलं त्यानं. मानूस कामाचा दिसते."